चार फुटांवरचा चेंडू आणि माझी मान

मित्रांनो, आज सकाळी नागपूरच्या गोल्फ मैदानावर चार फुटांवरून चेंडू पुन्हा होलमध्ये गेला नाही. मागं माझा खेळातला जोडीदार कुणाला तरी हळूच म्हणाला, "भाऊ चेंडू निघायच्या आधीच मान वर करतात. रविवारच्या स्पर्धेले दुसरा कोणी पाहा लागते." माझे कान तिखट, ऐकू आलंच.

बाभुळगावला घरी आलो तरी चैन पडेना. अंगणात स्टीलचा ग्लास आडवा ठेवला आणि सुरू झालो. दहा चेंडू मारले, दहाही चुकले. बायको तूर निवडत पाहत होती.

"अहो, बोरची मोटार लावली की पाणी चढलं का नाही, हे तुम्ही आवाजावरून सांगता. तिथं वाकून पाहता का? मंग इथं कायले मान वर करता?"

पंप दुरुस्त करून संसार उभा केलेला माणूस मी.

नजर खाली ठेवून मारला, कान लावले. टण्! पुन्हा मारला. टण्!

तिसरा मारत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "आता जमून राह्यलं बरं!" आणि मी मान वर केली. चेंडू थेट तुळशीपाशी.

ती हसून आत गेली. मी अजून अंगणातच आहे. सांगा बरं, हातून सुटलेलं कुठं पोचलं हे पाहायची एवढी घाई आपल्याला काहून असते?