सहाच्या पाळीसाठी वाघोलीहून

डायलिसिसच्या सुया मी कशा टोचते, ते माझ्या पेशंटना विचारावं. हातातल्या फुगवलेल्या शिरेत दोन जाड सुया, आठवड्यातून तीनदा. तरी सदाशिव पेठेतल्या आमच्या सेंटरवर कित्येक जण “त्या ताई आहेत ना आज?” असं विचारूनच खाटेवर आडवे होतात. वाशीमकडच्या एका खेड्यातून मी पुण्यात आले आणि डायलिसिस टेक्निशियनचं काम शिकले. त्याचा मला अभिमान आहे.

पहिली पाळी सकाळी सहाची. मशीन तयार करायची, नळ्या भरायच्या, पाण्याची तपासणी करायची, म्हणजे साडेपाचला हजर राहावं लागतं. म्हणून मी सेंटरपासून चालत सात मिनिटांवर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. जिन्यासमोरच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी राहायचे, वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारं एक जोडपं. आजारी पडलं की कोणीतरी वरणभात आणून द्यायचं.

मग आधी विद्यार्थ्यांची खोली गेली. रंगरंगोटी झाली, दाराला आकडे दाबून उघडणारं कुलूप बसलं आणि दोन-दोन दिवसांसाठी पाहुणे येऊ लागले. कोणी लग्नाला आलेले, कोणी नुसते फिरायला. मग शिवणकामवाले गेले. वर्षभरात त्या इमारतीत मी एकटीच कायमची उरले. पाहुणे चुकून माझीच बेल वाजवायचे आणि विचारायचे, “दीदी, वायफाय का पासवर्ड?”

शेवटी मालकीणबाईंचा फोन आला. त्या बोलायला गोड होत्या. म्हणाल्या, “तुमचं काहीच चुकलं नाही हो. पण या वेळी अकरा महिन्यांचा करार पुढे नाही वाढवत. भाच्याने सांगितलंय, रोजाने दिलं की बरं पडतं.”

मी महिनाभर पेठांमध्ये खोली शोधली, मग कोथरूडला. जिथे परवडत होतं तिथे एकटी बाई नको होती, आणि जिथे चालत होतं तिथलं भाडं झेपत नव्हतं. अखेर वाघोलीत एका मोठ्या सोसायटीत, आमच्याच सेंटरमधल्या नर्सबरोबर मी फ्लॅट घेतला. पावणेपाचला मी स्कूटर काढायचे आणि ती मागे बसायची. थंडीत आम्ही दोघी स्वेटरवर जर्किन घालून जायचो. आईचा फोन आला की मी म्हणायचे, “मजेत हाय मी. आरामात जाऊन राहिली कामाले.” तिला खरं सांगितलं नाही.

सहाच्या पाळीला गणिताचे एक निवृत्त शिक्षक यायचे. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. जन्म पेठेतला, जिभेला धार. मी कधी मशीनचा आकडा दोनदा पाहिला की म्हणायचे, “पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो लाजला होता का?” सरांचा सेंटरजवळच एक दुसरा फ्लॅट होता, तोही पुतण्याने रोजाच्या भाड्याला लावलेला. चार तास मशीनवर पडून सर मोबाइलवर पाहुण्यांचे अभिप्राय मोठ्याने वाचायचे आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायचे. पाच तारे मिळाले की नर्सला दाखवायचे. मी ऐकायचे आणि माझं काम करायचे.

एका सकाळी खराडीजवळ ट्रक उलटला. रस्ता गच्च झाला. आम्ही दोघी सेंटरवर पोचलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. त्या दिवशी पहिली पाळी आमच्या दोघींवरच होती. पाच पेशंट बाकावर ताटकळत बसले होते. सरांना दोन दिवस अंगात साठलेल्या पाण्याने धाप लागली होती, बोलताही येत नव्हतं. मी आधी त्यांना घेतलं. पहिल्या टोचण्यात दोन्ही सुया बसल्या.

तासाभराने धाप कमी झाली तेव्हा सरांनी विचारलं, “आपण राहता कुठे?”

“वाघोलीला.”

“वाघोली? आणि सहाची पाळी घेता? हा कुठला हिशेब?”

मी सांगून टाकलं. “सर, आधी मी तुमच्या फ्लॅटच्या मागच्याच गल्लीत राहत होते. त्या खोल्या आता तुमच्या फ्लॅटसारख्या झाल्या आहेत.”

मी टोमणा मारला नव्हता, जे होतं ते सांगितलं. त्या दिवशी सरांचा मोबाइल खिशातच राहिला, पुढच्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला, सुया लावून झाल्यावर, ते छताकडे बघत म्हणाले, “पुढच्या महिन्यापासून पाहुणे बंद. फ्लॅट आपण घ्या. भाडं परवडेल असंच लावीन.”

मला आनंद झाला, पण त्याच वेळी काहीतरी टोचलंही. मी म्हणाले, “कीव म्हणून देत असाल तर नको, सर.”

“कीव? शुद्ध स्वार्थ आहे माझा. त्या दिवशी मला वाटलं, संपलं. तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं आणि हे एवढं साधं त्रैराशिक मला सुटलं नाही.”

“मग अकरा महिन्यांचा करार नको. तीन वर्षांचा करा. आणि आमच्या नर्सताईही माझ्याबरोबर राहतील.”

सरांनी छतावरून नजर माझ्याकडे वळवली. “अशा वाटाघाटी आपण सुई लावल्यावर करता होय?”

“आधी केल्या असत्या तर धमकी वाटली असती.”

सर इतके हसले की मशीनचा अलार्म वाजायला लागला आणि मला त्यांचा हात धरून ठेवावा लागला.

पुतण्या महिनाभर सरांशी बोलला नाही. करार मात्र झाला, रीतसर नोंदवून, तीन वर्षांचा. आमच्या आधीच्या इमारतीतली आकड्यांची कुलुपं आजही तिथेच आहेत. शहर काही बदललं नाही. पण सरांच्या शेजारच्या काकूंनी हे ऐकून आपला रिकामा फ्लॅट आमच्या सेंटरच्या लॅबमधल्या मुलींना दिला. काकूंकडे शब्द सरांनी टाकला होता, मी नाही.

आता मी पहिल्या पाळीची प्रमुख आहे. नव्या मुलींना सुई टोचायला शिकवते आणि त्या राहतात कुठे, हे आधी विचारते.

मागच्या निवडणुकीआधी मी मतदार यादीत पत्ता बदलून घेतला. मतदानाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही इथल्या वाटत नाही.”

“वाशीमकडची आहे. राहते इथेच, सदाशिव पेठेत.”

“भाड्याने?”

“हो, भाड्याने,” मी म्हणाले, आणि रांग पुढे सरकली तशी आधार कार्ड हातात घेऊन पुढे झाले.