टिनावर ठेवलेलं आकाशयान

तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते लाकडी बैल करावेत तर दर्यापूरच्या नत्थुजीनं. शेत भाऊ वाहायचा अन् हा ओसरीत बसून सागवानाला शिंगं फोडायचा. जोडीतलं एक शिंग जरा जास्त घासलं गेलं, की दुसरंही तेवढंच घासायचा. "बैल लहान चालते, तिरपा नाई चालत," म्हणायचा.

त्रेसष्टच्या वैशाखात केशवराव वकील खोकं घेऊन आले. अमेरिकेतल्या लेकानं धाडलेलं. आत प्लास्टिकचे साठ-सत्तर सुटे तुकडे, चिकटवायच्या सरसाची नळी, अन् झाकणावर आकाशयानाचं चित्र. वकिलांनी आठ दिवस खटपट करून स्वतःची बोटं तेवढी चिकटवून घेतली होती.

"नत्थुजी, हे तुम्हीच जोडा. रंग तुमच्या मनानं द्या. झालं का, झालं का, म्हणून लेक सारखा विचारून राहिला."

"हे खरं कुठं उडते, साहेब?"

"कुठंच नाही. कोणाच्या तरी डोक्यातलं आहे."

"मंग सोपं हाय. चुकलं तं कोणाले समजन?"

चार दिवसांत यान उभं झालं. पोट पांढरं, शेपूट लाल, नाकावर पोळ्याच्या बैलासारखा पिवळा टिळा. इथंच थांबता तर बरं होतं. पण रंगवलेला बैल टिनाच्या छपरावर वाळवायचा, ही हाताची जुनी सवय. बायकोच्या कुरड्यांशेजारी त्यानं यान ठेवलं अन् जेवायला बसला.

जेवून वर गेला, तर दोन्ही पंख खाली लोंबलेले. एक कमी, एक जास्त.

"अवं मनकर्णा! गेलं वं, गेलं!"

बायको शिडी चढून आली. "काय बाप्पा! कुरड्या वाळल्या अन् हे पाघळलं! अजी, ते झाकण चुलीत घाला. चित्रच नाई तं वकील काय पायतीन?"

"वकील हाय थो. झाकण कुठं हाय, हेच पयले पुसन."

दोन दिवस त्यानं दुसऱ्या कामाला हात लावला नाही, की धड जेवला नाही. सातासमुद्रापलीकडची वस्तू, दुसरी आणायची कुठून? कढत पाण्यात बुडवून पंख दाबले. एक सरळ झाला, दुसरा काही केल्या पुरता वळेना. शेवटी त्यानं शिंगांचाच कायदा लावला. सरळ झालेला पंख परत पाण्यात घातला अन् दोरी लावून मोजत दुसऱ्याइतकाच वाकवला.

तिसऱ्या दिवशी वकील आले. एका हातात झाकण, एका हातात यान. कितीतरी वेळ नुसतं फिरवून पाहिलं.

"चित्रात पंख सरळ आहेत."

"उन्हात ठेवलं होतं, साहेब. टिनावर. माह्याच हातानं."

वकिलांनी झाकण खाली ठेवलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. "मागच्या उन्हाळ्यात खिडकीत ठेवून मी ग्रामोफोनची तबकडी वाकडी केली. अन् घरात नाव पुढं केलं बायकोचं!" ते खो खो हसले. "नत्थुजी, चित्रातलं मरतुकडं होतं. हे उडी मारायच्या बेतात दिसते. लेकाला तसंच लिहितो."

"म्हंजे रागावले नाई?"

"रंग वाळला का, ते सांगा."

"वाळला. लयच वाळला."

भर दुपारी वकील निघाले. छत्री उघडली, ती यानावर धरली, अन् स्वतः बोडक्या डोक्यानं उन्हातून चालू लागले. ते वळणाआड जाईपर्यंत नत्थुजी ओसरीतून पाहत होता. मग तिथंच भिंतीला टेकून बसला.

"मनकर्णा, वाढ वं. जे असन ते सारंच आन."