जस्ताचा सराटा

कॉलेजात पाणी भरणाऱ्या बाईंमुळे मी आज चांद्यात टिकून आहे, हे आधी लिहून ठेवतो. त्या गोंडपिपरीकडच्या एका जंगलातल्या गावच्या. बाकीचं सगळं त्यांच्यानंतर.

मी कोकणातला सुतार. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. सागाच्या कामासाठी इतक्या लांब आलो आणि नव्या कॉलेजची बाकं करू लागलो. बाकं संपत आली, पुढचं काम दिसेना. परत जायचं ते कुठल्या तोंडाने? तेव्हा रसायनाच्या सरांनी मला पुस्तकातली चित्रं दाखवली. "मध्ये धातूचा अणू, भोवती चार किंवा सहा दुसरे. लाकडाचे गोळे आणि काड्या घेऊन असे नमुने करा. जमले तर प्रयोगशाळेत कायमचे ठेवून घेतो."

चित्रात जस्ताभोवती चार काड्या होत्या, निकेलभोवतीही चार. मी गुण्या लावून दोन्हींच्या फुल्या अशा काटकोनात बसवल्या, की माझं मलाच कौतुक वाटलं. सरांनी त्या टेबलावर ठेवल्या. "निकेलचं बरोबर, या संयुगात ते सपाट असतं. पण जस्ताचं सपाट नसतं हो." मग फळ्यावर काढून दाखवलं. अणूत इलेक्ट्रॉनची घरं असतात, त्यांना ऑर्बिटल म्हणायचं. जस्तात एक गोल आणि तीन डमरूसारखी घरं मिसळतात आणि चार अगदी सारखी घरं होतात. याचं नाव संकरण. मी नुसती मान हलवत राहिलो. "सोमवारी नवा करून दाखवा," सर म्हणाले.

दुपारी व्हरांड्यात डबा न उघडताच बसलो होतो. बाईंनी घागर टेकवली. "काऊन गा भाऊ, जेवत नाई? मासोळी आठवली का?"

मी सगळं सांगितलं. एक गोल आणि तीन डमरू मिळून चार सारखे कसे होतील, तेच कळत नाही म्हटलं.

बाईंनी फडक्यातून लाडू काढले. "हे पाय. एक वाटी तीळ, तीन वाट्या मोहफुलं. कुटले, कालवले, चार वळले. आता यातला तिळाचा कोणता, सांग मले."

चारही सारखे. मी एक तोंडात टाकला.

"आता तीनच राह्यले. तुह्या सरायले नको सांगू."

"पण बाई, ते चार बसतात कसे? सपाट नाही म्हणतात."

बाईंनी माझ्या शेजारी पडलेली जस्ताची फुली हातात घेतली. "हे तं बिना धावेचं, नुसत्या आऱ्यांचं चाक झालं." मग चपलेत रुतलेला चार काट्यांचा सराटा उपटून बाकावर टाकला. एक काटा वर. पुन्हा टाकला, दुसऱ्या अंगावर पडला, तरी एक काटा वरच. "काटे एकमेकांपासून दूर पळून राह्यले. म्हणून तं कसाबी पडला तरी टोचते लेकाचा."

"मग निकेलचे चार सपाट काऊन?" मीही त्यांच्यासारखाच बोलून गेलो.

"त्याच्यात दुसरं काई कालवलं असन."

सराट्याचा कोन गुण्यात सापडेना. शेवटी सागाचा सगळीकडून सारखा चौकोनी ठोकळा घेतला. आठ कोपऱ्यांतले शेजारी-शेजारी न येणारे चार निवडले, प्रत्येकातून मध्यापर्यंत भोक पाडलं, ठोकळा गोल तासला आणि काड्या बसवल्या. टाकला. एक काडी वर. दहा-बारा वेळा तरी टाकला असेल, एकटाच हसत.

सोमवारी सरांनीही टाकून पाहिला. "आणि निकेल वेगळं का, ते कळलं?"

"बाई म्हणाल्या, त्याच्यात दुसरं काही कालवलं असणार."

सर खुर्चीत बसले. "हेच समजवायला मला वर्गात तासभर लागतो. निकेलमध्ये डी नावाचं एक घर मिसळतं, गोल एक आणि डमरू दोनच. जिन्नस बदलला की घडण बदलते." मग हळूच विचारलं, "लाडू उरलेत का?"

लोखंडाचा सहा काड्यांचा नमुना मी एका बैठकीत केला. तिथे सगळे काटकोन, म्हणजे माझंच राज्य. तो आता सूरजागडच्या लोहखनिजाच्या दगडाशेजारी फळीवर आहे, आणि मी प्रयोगशाळेत कायम आहे.

परवा बाईंनी विचारलं, "तुह्या गावी एवढं पाणी, नि भरायले कोणी नाई?" मी म्हटलं, ते समुद्राचं, खारं, भरलं तरी पिता येत नाही. त्या बराच वेळ हसत होत्या. एक दिवस त्यांना कोकणात नेईन, समुद्राकाठी बसवीन, आणि त्या दिवशी त्यांच्यासाठी गोड्या पाण्याची घागर मी भरून आणीन.