सर्वानुमते तेरा

गुडमुंडचं नाक म्हणजे डेन्मार्कच्या पश्चिम युटलंडमधल्या त्या सहकारी डेअरीची इस्टेटच. गाईंनी काल काय खाल्लं, गवत की सलगम, हे तो लोण्याच्या वासावरून सांगे. कुणाची धारेची बादली नीट धुतलेली नव्हती तेही सांगे. गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे ‘मेस्तर’, म्हणजे उस्ताद, म्हणत. गड्याला त्याचा ताठाही होता. बावीस वर्षं त्यानं नाकानं कांदे सोलण्याचाच पगार घेतला म्हणा ना.

दर गुरुवारी सकाळी दहाला चाखणी असायची. थंड खोलीत लोण्याची पिंपं मांडलेली, भोवती पाच जण. पोकळ सळई पिंपात खुपसायची, फिरवून लोण्याची कांडी बाहेर काढायची, हुंगायची, जिभेवर घोळवून बादलीत थुंकायची आणि पंधरापैकी गुण मोठ्यानं सांगायचे. पहिला मान मेस्तरांचा. मग घुसळणीवरचा वेर्नर, तळघर सांभाळणारा प्रेबेन, व्यवस्थापक ओस्वाल आणि शेवटी प्रयोगशाळेतली डाग्नी; तिला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मेस्तर आधी बोलले की नवख्यांना शिकायला मिळतं, असा त्यामागचा विचार. विचार वाईट नव्हता. फक्त वेर्नर गेली चौदा वर्षं नवखाच राहिला होता.

मग पत्रक भिंतीवर लागे: ‘सर्वानुमते तेरा’, ‘सर्वानुमते बारा’. या ‘सर्वानुमते’चा ओस्वालला भारी अभिमान. शेजारच्या डेअरीत गुणांवरून भांडणं होतात, आपल्याकडे नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

सन बासष्टच्या जानेवारीत गुडमुंडला फ्लू झाला. आठवड्यानं ताप उतरला, वास मात्र परत आला नाही. कॉफी म्हणजे गरम पाणी, पाइप म्हणजे नुसता धूर. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू, पण बोलताना तो खिडकीबाहेर बघत होता. गुडमुंडनं ही गोष्ट बायकोलासुद्धा सांगितली नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी, नाक गेलेल्या चाखणाऱ्याला ठेवणार कोण? आणि चाखणं सोडून त्याला दुसरं येत तरी काय होतं?

गुरुवारी त्यानं सळई नेहमीसारखी नाकाशी नेली. रंग बघितला, बोटानं दाबून पाहिलं आणि ठोकून दिलं, “तेरा. स्वच्छ आहे. किंचित वाळल्या गवताचा वास.”

“तेरा,” वेर्नर म्हणाला. “गवत आहेच.”

बाकीच्यांनीही री ओढली. गुडमुंडला वाटलं, सुटलो.

शनिवारी घरी टोवेनं, त्याच्या बायकोनं, पावाला तेच लोणी लावलं, एक घास घेतला आणि सुरी खाली ठेवली.

“हे काय आणलंस? सलगमाचा भपकारा मारतोय.”

“गुरुवारचं आहे. तेरा गुण मिळालेत त्याला.”

“कुणी दिले? गाईनं?”

गुडमुंड हसला नाही. दुपारभर तो खिडकीपाशी बसून राहिला. आपलं नाक गेलंय हे त्याला ठाऊक होतं. पण उरलेली चार नाकं तर शाबूत होती ना? ती गुरुवारी कुठं गेली होती? नोकरीपेक्षाही आता त्याला याचीच भीती वाटायला लागली.

त्यानं लोण्याचा एक डबा घरच्या चुलीशेजारी नऊ दिवस ठेवला. मधला गुरुवार कसाबसा निभावला आणि त्यापुढच्या खेपेला सगळ्यांच्या आधी जाऊन तो डबा पिंपांच्या रांगेत शेवटी मांडला. पाळी आली तशी सळई फिरवली, हुंगली, थुंकला.

“तेरा. गवताचा वास.”

वेर्नरच्या डोळ्यांत पाणी आलं. “तेरा,” तो खोकत म्हणाला. “गवत अगदी जूनमधलं, मेस्तर.”

“तेरा,” प्रेबेन. “तेरा,” ओस्वाल.

डाग्नीनं सळई बराच वेळ धरून ठेवली. “साडेबारा.”

“अर्धा कशाला गं?” ओस्वाल म्हणाला. “पत्रक बिघडतं.”

“बरं, तेरा.”

गुडमुंडनं हातातली सळई टेबलावर ठेवली. “हे लोणी नऊ दिवस माझ्या चुलीपाशी होतं. आमच्या मांजरानंसुद्धा तोंड फिरवलं. आणि मला जानेवारीपासून कशाचाच वास येत नाही.”

वेर्नर हसला. आपण एकटेच हसतोय हे लक्षात आल्यावर गप्प झाला.

“खरं सांग, तुला कसं लागलं?” गुडमुंडनं त्याला विचारलं.

“खवट,” वेर्नर म्हणाला. “पण तुम्ही गवत म्हणाला होतात. म्हटलं माझंच नाक बिघडलं. आणि देवाशपथ मेस्तर, मग मला गवताचाच वास यायला लागला.”

“मी म्हटलं, वेर्नरला येतोय म्हणजे असणारच,” प्रेबेन पुटपुटला.

गुडमुंडला होल्गर आठवला. सहा वर्षांपूर्वी या टेबलाशी होल्गर नावाचा एक जण होता. सगळे तेरा म्हणत तिथं तो दहा म्हणायचा. ‘नाक सासुरवाडीला विसरलास का रे?’ असं गुडमुंडच विचारायचा आणि सगळे खिदळायचे. वर्षभरात होल्गर सोडून गेला. त्यातल्या किती गुरुवारी होल्गरचंच खरं होतं, हे कळायला आता मार्ग नव्हता. गुडमुंडला स्वतःची फार लाज वाटली.

ओस्वालनं दार लावून घेतलं. “हे या खोलीबाहेर जायला नको. मेस्तरांच्या नावावर आपलं लोणी खपतं. वेर्नर आधी हळूच खूण करील, मेस्तर बोलतील. निवृत्तीपर्यंत चालू दे असंच. सगळ्यांना मान्य?”

“मान्य,” वेर्नर म्हणाला.

“मान्य,” प्रेबेन म्हणाला.

गुडमुंड खाली बघत होता. खोटं कशाला बोला, डाग्नीनंही एकदाचं ‘मान्य’ म्हणून टाकावं असं त्याला आतून वाटत होतं.

“मला मान्य नाही,” डाग्नी म्हणाली.

“अगं, मेस्तरांची नोकरी जाईल.”

“ठाऊक आहे. त्यांच्याच हाताखाली शिकले मी. पण मघाशी मला खवट वास आला आणि मी तेरा म्हणाले. पुन्हा नाही म्हणणार.”

“म्हणजे चार विरुद्ध एक,” ओस्वालनं निकाल दिला.

“चार कसे?” गुडमुंड म्हणाला. “मी अजून कुठं बोललोय?” त्यानं अंगावरचा पांढरा कोट काढला आणि घडी घातली. “मलाही मान्य नाही. खवट आहे ते. लिहा तसं.”

तो भरदुपारी घरी पोचला तेव्हा टोवे बटाटे सोलत होती.

“आज इतक्या लवकर?”

“नोकरी गेली.”

तिच्या हातातला बटाटा तसाच राहिला. “कुणी घालवली?”

“डाग्नीनं,” गुडमुंड बूट काढता काढता म्हणाला. “फार चांगली पोरगी आहे.”