नॉर्मलवाला

गोंदियाहून नागपूरला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये संडासाजवळच्या जागेसाठी भांडणारे आम्ही दोघेच होतो. मी, आणि चिखलाने टाचा फुटलेली एक बाई.

"हेच जागा कायले पाहिजे गा तुले?" ती खेकसली.

"मोठ्या आतड्याला सूज आहे. कोलायटिस."

"मलेबी तेच हाये!"

तरी मी तोऱ्यात रक्ताचा रिपोर्ट काढला. सीआरपी नॉर्मल, म्हणजे सूज गेली. डॉक्टरांना गोळ्या बंद करायला सांगायलाच मी निघालो होतो.

तिने आपला रिपोर्ट माझ्या मांडीवर आपटला. तोही नॉर्मल.

"हा कागद पाहून सासू म्हणते, नखरे करून राहिली, चाल धानाच्या रोवण्याले! बांधीच्या चिखलात वाकलं का संडासातून रक्त जाते मले. आतडं सुजलं तरी रक्तात दिसतच नाही कधी कधी, डॉक्टरनं सांगतलं. आता शौचाची तपासणी करतो, अन् तो कागद फेकतो तिच्या तोंडावर!"

मी जागा सोडली, रिपोर्ट खिशात कोंबला. तिरोडा येईस्तोवर पोटात अशी कळ आली की धावत जाऊन संडासाचं दार बडवलं.

आतून तोच आवाज कडाडला, "थांब ना गा, नॉर्मलवाल्या!"