नानांच्या फोनमधली बाग

चोपड्यात माझं मोबाइलचं दुकान आहे. नव्या फोनचा कॅमेरा केवढा, बॅटरी किती टिकते, पडदा उन्हात दिसतो की नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये तळाशी एक पान असतं, ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही त्यांच्यासाठीचं. ते मी इतक्या वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं. कोणी मागितलं नाही, असं मी म्हणू शकतो. पण खरं कारण असं की ज्याला दिसत नाही तो काचेचा फोन घेऊन करणार काय, अशी माझी पक्की समजूत होती.

मग घरातच गिऱ्हाईक निघालं. माझ्या वडिलांची, नानांची, नजर काचबिंदूने गेली. नाना जन्मभर केळीच्या व्यापाऱ्याकडे माल बघायला होते. कापणीच्या आदल्या दिवशी बागेत शिरायचं आणि एकेका घडाच्या केळ्यांवरून बोट फिरवायचं. कडा टोचल्या तर घड अजून कच्चा, कडा गोल लागल्या तर उद्या कापायचा. लोक त्याला माल बघणं म्हणत, पण नाना अर्धं काम बोटांनीच करत.

त्यांना फोन हवा होता तो एकाच कामासाठी. धुळ्याला त्यांची मोठी बहीण असते, माझी आत्या. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेली लेक माहेरी येते आणि तिला आणायला भाऊ जातो, मुराळी म्हणून. आत्याला नातसुना आल्या तरी नाना दरवर्षी एसटीने धुळ्याला जाऊन तिला घेऊन यायचे. नजर गेल्यावर ते थांबलं. दोन आखाज्या मी फोन लावून नानांच्या हातात दिला. समोर मी, बायको, पोरं, सगळे कान देऊन बसलेले. नाना म्हणायचे, "येजो वं अक्का," आणि फोन मला परत द्यायचे. आत्या दोन्ही वर्षं आली नाही. "भाचाना फोन येस, मुराळी कोठे शे?" असं तिने मला हसत सुनावलं, पण तिला लागलं होतं हे मला कळलं.

यंदा नानांनी आधीच सांगून टाकलं, "औंदा अक्काले फोन मी सोता लावसू. तू मधमा येऊ नको."

म्हणून मी ते तळाचं पान उघडलं, आणि फोन बोलायला लागला. काचेवर बोट ठेवलं की तिथे काय आहे ते सांगायचा, दोनदा टिचकी मारली की ते उघडायचा. पण नानांचं बोट त्याला कळेचना. विळ्याच्या मुठीने आणि दोरखंडाने त्यांच्या बोटांची टोकं इतकी निबर झालीत की काचेला त्यांचा पत्ताच लागत नव्हता. नाना दाबून दाबून वैतागले. "तुना फोनलेबी दिसत नही का रे?" म्हणाले. शेवटी करंगळी चालली. तिने म्हणे आयुष्यात काही कष्ट केले नव्हते.

मग नानांनी चौकशी सुरू केली. किती वळी? मी म्हटलं, चिन्हांच्या ओळी सहा. एका वळीत किती झाडं? चार. बांध कुठे? मी त्यांचा अंगठा फोनच्या कडेवर नेऊन ठेवला. त्या दिवसापासून फोन म्हणजे त्यांची बाग झाली. बांधाला अंगठा टेकवायचा आणि तिथून करंगळीने मोजत जायचं, खालून दुसरी वळ, तिसरं झाड. तिथे फोन लावायचं चिन्ह. आठ दिवसांत त्यांना सगळी झाडं पाठ झाली. पडदा पूर्ण काळा ठेवूनही असा फोन चालतो, हे मला तेव्हा समजलं. मी तो काळा करून दिला आणि त्यांच्या मागे उभा राहून बघत राहिलो.

मी थक्क झालो, दुसरा शब्द नाही. काळी काच, तिच्यावर एक म्हातारी करंगळी, आणि आतून एकेक गोष्ट आपलं नाव सांगत जागेवर हजर. मी गिऱ्हाइकाला ज्या रंगांच्या आणि झगमगाटाच्या जोरावर फोन विकतो, त्यातलं काहीच तिथे नव्हतं. तरी फोन पुरा होता. फोन बनवणाऱ्या कोणीतरी डोळे मिटून तो वापरून पाहिला असणार, त्याशिवाय हे जमणार नाही. त्या अनोळखी माणसाला भेटून नमस्कार करावा असं मला मनापासून वाटलं.

त्या भरात मी ॲप स्टोअर उघडलं आणि न दिसणाऱ्यांसाठी काय काय आहे ते शोधलं. यादी संपेना. कॅमेऱ्यासमोर कागद धरला की वाचून दाखवणारं ॲप, कापडाचा रंग सांगणारं, इतकंच काय, खोलीत दिवा चालू आहे की बंद हे सांगणारंसुद्धा. हे सगळं रोज माझ्या हाताखाली होतं आणि मी गिऱ्हाइकांना गेम उतरवून देत होतो. मी अधाशासारखी सात ॲप घेतली. नाना दुपारचे झोपले होते. दुकानात प्रत्येक फोन देताना मी चिन्हं नीट लावून, सारखी सारखी एकत्र करून देतो, हाताला ती सवयच आहे. तसा नानांचाही पडदा मी स्वच्छ, नीटनेटका करून ठेवला आणि खुशीत दुकानात गेलो.

आखाजी आठवड्यावर आली, तेव्हा बायको म्हणाली, "नानांचा फोन तीन दिवस झाले बोलत नाही." मी नानांना विचारलं, आत्याला फोन झाला का? "नही," म्हणाले. फोन उशाशी उपडा पडला होता. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी बांधाला अंगठा लावला, करंगळी नेली, आणि फोन भलतंच काहीतरी बोलला. नानांनी हात मागे घेतला.

"मनी बागमा कोन शिरना व्हता रे?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन उपडा ठेवण्याआधी कितीतरी वेळ ते त्या काळ्या काचेवर एकटे चाचपडत होते. आपलंच डोकं गेलं, आता स्मरणही गेलं, असं त्यांना वाटत होतं. आणि बोलले नव्हते, कारण बोलले असते तर फोन मी लावून दिला असता. मी कबूल केलं की तो मीच. पूर्वीसारखं करून देतो, म्हणालो.

"नको. बठ्ठं काढी टाक. लावनी मी करसू."

मी पडदा रिकामा केला. पुढच्या दोन दुपारी नानांनी एकेक चिन्ह करंगळीने धरून, ओढून, आपल्या हाताने लावलं. कितीदा सुटलं, कितीदा दुसरीकडे जाऊन पडलं. माझे हात शिवशिवत होते, पण मी ते मांडीखाली दाबून बसलो. पाचच ठेवली त्यांनी. फोन तळाशी कोपऱ्यात, बांधाला लागून. दिवा सांगणारं ॲपही त्यांनी ठेवलं, का ते सांगितलं नाही.

तिसऱ्या दुपारी त्यांनी फोन हातात घेतला आणि मला म्हणाले, "तू जराक बाहेर जाय. दार लोटी ले."

मी ओट्यावर येऊन बसलो. खिडकी उघडी होती, तिच्याकडे माझं लक्ष गेलं नाही. आत टिचक्या वाजल्या, घंटी गेली, पलीकडून आत्याचा आवाज आला.

"अक्का, मी सोता लावा फोन," नाना म्हणाले. मग आवाज फुटला. "अक्का वं, माले काहीच दिसत नही. बठ्ठं गयं. तुनं तोंडबी आते दिसाव नही. तरी येजो."

डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं, ते ऐकून आम्ही हळहळलो होतो, उपचारांसाठी धावलो होतो. पण नानांनी स्वतःच्या तोंडाने हे आमच्यापैकी एकालाही कधी सांगितलं नव्हतं. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता ओटा उतरलो.