पिवळी पट्टी

आमच्या ऑफिसात त्याला सगळे तलाठी म्हणत. ॲप बनवणाऱ्या कंपनीत तलाठ्याचं काय काम, असं नवा माणूस विचारी आणि दुपारपर्यंत त्याला उत्तर मिळे. एकाच ॲपच्या आमच्याकडे तीन आवृत्त्या असत: चाचणीची, पाहुण्यांना दाखवायची आणि लोकांच्या वापरातली खरी. तलाठी प्रत्येकीला वेगळा ओळख-क्रमांक देई, कोणी दिला तेही जाड वहीत शाईने लिही आणि खरी सोडून बाकी दोघींच्या फोनवर दिसणाऱ्या चिन्हावर पिवळी पट्टी मारी.

"तिन्ही सारख्याच तर दिसतात," मी एकदा म्हणालो.

"जुळ्यांचा आधार नंबर एक असतो का, भाऊ? फोन तोंड बघत नाय, नंबर बघतो. नंबर एकच दिला की नवी येऊन जुनीला हाकलंल अन् तिच्या जागी बसंल."

त्याच्या डब्यावर, छत्रीवर, चार्जरवरही नाव असे. "सापडलं तर कुणाचं म्हणायचं?" हा त्याचा आवडता प्रश्न.

संचालकांना मात्र पिवळा रंग खपत नसे. गरोदर बायांच्या नोंदी ठेवायचं आमचं ॲप पाहायला फेटेवाले पाहुणे येणार होते आणि तलाठी लग्नाला सिल्लोडला गेला होता. "माझ्या फोनवर एकाच ॲपची दोन चिन्हं? त्यात ही पट्टी! काढा ती." मी पट्टी काढली आणि दाखवायच्या आवृत्तीला खरीचाच क्रमांक दिला. पाच मिनिटांचं काम. वहीत लिहायला आणखी एक मिनिट लागलं असतं. ते मी वाचवलं.

समारंभ झोकात झाला. त्याच भरात संचालकांनी ते ॲप गंगापूरच्या आरोग्यसेविकांच्या ग्रुपवर धाडलं: 'नवीन आवृत्ती, त्वरित घ्यावी.' त्यांच्या फोनमध्ये ती खरीच्या जागी जाऊन बसली. दाखवायच्या आवृत्तीतली माहिती रोज पहाटे आपोआप पुसली जाई. आठ दिवसांनी आठवड्याची यादी काढायला बसलेल्या एका सेविकेचा फोन आला, "सर, माझ्या बाया गेल्या कुठं?"

मीटिंगमध्ये संचालकांनी विचारलं, "हे नंबर कोण देतं?" ॲप कोणी धाडलं, हे विचारायची गरज त्यांना वाटली नाही. मी छताचा पंखा पाहत होतो. मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो, हे तलाठ्याला ठाऊक होतं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"वही माझी हाय," तो म्हणाला.

त्याला नोकरी सोडायला महिनाअखेरची मुदत मिळाली. ते दिवस तो मोटरसायकलने गंगापूरला जाऊन सेविकांबरोबर दारोदार फिरला, पुसलेल्या नोंदी पुन्हा भरत. "कालच तर विचारून गेल्या की, ताई!" हे त्यानं किती उंबऱ्यांवर ऐकलं असेल! मीही येतो म्हणालो.

"तू नको. तू तो नंबर आधी वेगळा कर."

आता त्याच्या खुर्चीवर मी बसतो. क्रमांक वेगळे देतो, पट्ट्या मारतो. नवी माणसं याला माझी पद्धत म्हणतात. वही त्यानं जाताना टेबलावरच ठेवली. समारंभाच्या दिवशीची राहिलेली नोंद त्यानं मागाहून भरली आहे, आणि 'कोणी दिला' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आहे.

ते खोडून माझं लिहायला पाच मिनिटंही लागणार नाहीत.